जिममधल्या ओळखी, गप्पा आणि मोबाईल : नव्याने जिम लावणाऱ्यांसाठी

जिम लावली की पहिल्या महिन्या-दीड महिन्यात साधारण दोनच गोष्टी होतात. एकतर कुणाशी ओळखच होत नाही, आपण आपले कोपऱ्यात हलके डंबेल घेऊन काहीतरी करत राहतो, एक दिवस कंटाळा येतो आणि मग जाणंच बंद. नाहीतर ओळखी एवढ्या होतात की दीड तास आत घालवूनही नीट मोजायला बसलं तर सात-आठ सेटसुद्धा (सेट म्हणजे एखादा व्यायाम न थांबता सलग मारायची एक फेरी) भरत नाहीत. दोन्हीकडची माणसं वर्षाची फी भरून गायब होताना मी बघत आलेय आणि खरंच वाईट वाटतं, कारण इलाज अवघड नाहीये, फक्त सुरुवातीला कुणी सांगत नाही. ट्रेनर स्क्वॅट (उठाबशीसारखा व्यायाम) शिकवतो, डाएट सांगतो, पण शेजारचा माणूस बोलायला लागला की काय करायचं हे कोण शिकवणार.

माझं म्हणणं सरळ आहे. जिममध्ये ओळखी हव्यातच, अगदी एकटं राहून टिकणारे लोक फार थोडे. पण गप्पांना जागा ठरवून द्या, म्हणजे सुरू करायच्या आधी, सगळं झाल्यावर, आणि मधल्या विश्रांतीत जेवढं मावेल तेवढं. सेट चालू असताना काही नाही. हे जमवायचं कसं ते खाली लिहितेय. मी ठाण्यातल्या एका मध्यम साईजच्या जिमला संध्याकाळी जाते म्हणून उदाहरणं तिकडची येतील, पण पुणे काय, नाशिक काय, कोल्हापूर काय, फार वेगळं चित्र नसतं.

पायरी 1 : आधी वेळ नीट निवडा

शहरातल्या जिमला संध्याकाळी साडेसहा ते नऊ तुफान गर्दी असते, सकाळी सहा ते आठ पण बऱ्यापैकी. त्यात सोमवार म्हणजे अर्ध्या जिमचा चेस्ट डे, म्हणजे छातीच्या व्यायामाचा दिवस, सगळे बेंच भरलेले. जानेवारीचा पहिला पंधरवडा तर विचारूच नका. नवीन असाल आणि थोडी जरी सोय होत असेल तर पहिले तीन-चार आठवडे गर्दीची वेळ टाळा. दुपारी चार-पाचला जा, सकाळी नऊनंतर जा, रात्री उशिरा जा. फक्त त्या वेळेला फ्लोअरवर ट्रेनर असतो का ते फी भरायच्या आधी विचारून घ्या, काही ठिकाणी दुपारी फक्त रिसेप्शनवर एक मुलगा बसलेला असतो.

यामागे कारण आहे. नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1898 मध्येच लिहून ठेवलंय की सायकलस्वार एकटे असताना जेवढे पळतात त्यापेक्षा सोबत दुसरं कुणी असेल तर जास्त जोरात पळतात. म्हणजे आजूबाजूला माणसं असली की जोर येतो हे खरंच. पण पुढे 1965 मध्ये रॉबर्ट झायोन्स या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने त्यातला दुसरा भाग दाखवून दिला, की जे काम अंगवळणी पडलंय ते लोकांसमोर आणखी चांगलं होतं आणि जे अजून शिकतोय ते लोकांसमोर बिघडतं. आता स्वतःचा विचार करा. तुम्ही स्क्वॅट पहिल्यांदा करताय, गुडघा कुठे जातोय, पाठ वाकतेय का, श्वास कधी घ्यायचा हे सगळं एकदम सांभाळताय आणि मागे पाच जण उभे. नाही जमत. ती तुमची कमजोरी नाही, नवीन हालचालीचं तसंच असतं. म्हणून शिकायचं शांत वेळेत, आणि एकदा हालचाल बसली की मग गर्दीच्या बॅचला जा, तिथल्या वातावरणाचा तेव्हा फायदाच होईल.

पायरी 2 : घरून लिहून न्या

मला विचाराल तर ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच सोडतात. आज कोणते व्यायाम, किती सेट, किती रेप (म्हणजे एका सेटमध्ये किती वेळा), मागच्या वेळी किती वजन होतं, हे एका छोट्या वहीत लिहा. ज्याच्या हातात यादी नाही तो माणूस आत शिरल्यावर इकडे-तिकडे बघत फिरतो, आणि फिरणारा माणूस दिसला की दुसरा फिरणारा माणूस त्याच्याशी बोलायला येतोच. यादी असेल तर पुढचं काय ते माहीत असतं, पाय आपोआप तिकडे वळतात.

वेळेचा हिशोब पण एकदा करून बघा. समजा पाच व्यायाम आणि प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे 15 सेट. एका सेटला साधारण 40 सेकंद लागतात, म्हणजे प्रत्यक्ष वजन हातात असण्याचा वेळ अवघा 10 मिनिटं. प्रत्येक सेटनंतर दीड मिनिट विश्रांती धरली तर साडेबावीस मिनिटं. वॉर्मअप आणि शेवटचं स्ट्रेचिंग मिळून 15 मिनिटं. सगळं मिळून पाऊण तासाच्या थोडं वर. आता तीच विश्रांती गप्पांमुळे किंवा रील्समुळे पाच-पाच मिनिटांची झाली तर 75 मिनिटं नुसती बसण्यात जातात आणि एकूण हिशोब 100 मिनिटांवर. व्यायाम तोच, 10 मिनिटांचाच. मग घरी गेल्यावर आपण म्हणतो की जिमला वेळच मिळत नाही.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नका. विश्रांती म्हणजे आळस नाही, ती लागतेच. स्क्वॅट, डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं), बेंच प्रेस (बेंचवर झोपून रॉड वर ढकलणं) अशा मोठ्या व्यायामांना दोन-तीन मिनिटं घ्या, बायसेप कर्ल किंवा शोल्डरच्या साईड रेझसारख्या छोट्यांना एक-दीड मिनिट पुरतं. ब्रॅड शोनफेल्ड हे व्यायामाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2016 चा एक अभ्यास आहे, त्यात व्यायामाची सवय असलेल्या तरुणांचे दोन गट होते, एक सेटच्या मध्ये 1 मिनिट थांबायचा आणि दुसरा 3 मिनिटं, 8 आठवडे हे चाललं आणि 3 मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद जास्त वाढली, स्नायू पण. तेव्हा कुणी म्हणालं की घाम तुटायला नको, पटापट मार, तर प्रत्येक व्यायामाला ते मनावर घेऊ नका. थांबा, पण मोजून थांबा. त्या दोन-तीन मिनिटांत शेजारच्याशी चार वाक्यं बोललात तरी काही बिघडत नाही. घड्याळ झालं की उठायचं.

पायरी 3 : मोबाईल

माणसं तरी चेहरा बघून गप्प बसतात. मोबाईल बसत नाही.

शक्य असेल तर लॉकरमध्ये ठेवा, हे मी मनापासून सांगते. वही आहे, भिंतीवर घड्याळ आहे, नसेल तर साधं मनगटी घड्याळ घाला. पण गाण्यांसाठी किंवा टायमरसाठी लागतोच म्हणत असाल तर ठीक आहे, मग आत जायच्या आधी एवढं करा. डू नॉट डिस्टर्ब लावा आणि फक्त घरच्या दोन-तीन नंबरना परवानगी द्या, म्हणजे मुलांचा किंवा आईबाबांचा फोन अडणार नाही आणि ऑफिसच्या ग्रुपची टिंगटिंग पण येणार नाही. प्लेलिस्ट आधीच लावून ठेवा, सेटच्या मध्ये गाणं शोधायला स्क्रीन उघडली की पुढचं बोट कुठे जातं सगळ्यांना माहिती आहे. टायमर लावून मोबाईल पालथा ठेवा. आणि तो बेंचवर किंवा जमिनीवर ठेवू नका, कुणाचं तरी डंबेल त्याच्यावर येतंच कधीतरी.

फोन आलाच आणि घ्यावाच लागला तर मशीनवरून उठा. टॉवेल उचला, वजन काढा आणि बाहेर जाऊन बोला. लेग प्रेसच्या (पायांनी वजन ढकलायच्या मशीनच्या) सीटवर आरामात रेलून, दोन्ही बाजूला वजनाच्या प्लेटा तशाच लावलेल्या, आणि माणूस मजेत इन्शुरन्सच्या एजंटशी बोलतोय, समोर दोघं जण बाटल्या घेऊन ताटकळत उभे, हे दृश्य एकदा तरी तुम्हाला दिसेलच. त्या दोघांना बोलायचा संकोच होतो कारण समोरचा फोनवर आहे. तुम्ही ते होऊ नका आणि तुम्ही त्या दोघांपैकी असाल तर सरळ हाताने खूण करून विचारा, किती सेट राहिले. बहुतेक वेळा माणूस ओशाळून उठतो.

ट्रेडमिलवर मोबाईल हा वेगळा विषय आहे कारण तिथे जिवाशी खेळ आहे. मशीनला एक लाल की असते, तिला दोरी आणि दोरीच्या टोकाला चिमटा. तो चिमटा टीशर्टला लावायचा असतो. पाय घसरून तुम्ही मागे गेलात की दोरी ताणली जाते, की निघते आणि पट्टा थांबतो. आमच्याकडे दहातले नऊ जण तो चिमटा हँडलला गुंडाळून ठेवतात आणि मग सहाच्या स्पीडला मेसेज टाईप करतात. लिहिताना मान खाली जाते, चाल वाकडी होते, एक पाय कडेच्या पट्टीवर पडतो आणि दुसरा चालत्या पट्ट्यावर, बस, तेवढंच पुरतं पडायला. चिमटा लावा. टाईप करायचं असेल तर मशीन थांबवा.

पायरी 4 : इअरफोन कधी आणि कसा

कानात इअरफोन म्हणजे मला डिस्टर्ब करू नका हे आता सगळे समजतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत बुजल्यासारखं होत असेल तर त्याचा आधार जरूर घ्या. पण दोन गोष्टी सांभाळा. मोकळ्या वजनांच्या भागात, म्हणजे जिथे रॉड आणि डंबेल चालू असतात तिथे, एक कान मोकळा ठेवा. मागून कुणी बाजू व्हा म्हणून ओरडलं तर ऐकू आलं पाहिजे. आणि दुसरं म्हणजे आवाज. जिमचे स्पीकर आधीच मोठ्याने वाजत असतात, त्यावर मात करायला आपण इअरफोनचा आवाज आणखी चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठीचं प्रमाण आठवड्याला 80 डेसिबल आणि 40 तास असं आहे, आणि त्यावर दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ अर्धा होतो. स्पीकर फार मोठा वाटत असेल तर रिसेप्शनवर जाऊन कमी करायला सांगा, चार जणांनी सांगितलं की करतात.

पायरी 5 : ओळख करायची कशी

घाई नको. पहिल्या आठवड्यात फक्त मान हलवा, हसा, रोज तीच माणसं त्याच वेळेला असतात त्यामुळे चेहरे लगेच पाठ होतात. ओळखीची सुरुवात कामाच्या प्रश्नाने करा. काका, हे मशीन चालू आहे का. दादा, किती सेट राहिलेत. ताई, ही सीट खाली कशी करायची. असं विचारलेलं कुणालाच खटकत नाही, उलट बहुतेकांना सांगायला आवडतं. जिममध्ये वयाने मोठ्या माणसाला काका किंवा सर, बरोबरीच्याला दादा किंवा भाऊ, बायकांना ताई किंवा मॅडम, एवढ्यावर भागतं. नाव आठवडाभराने विचारलं तरी चालतं.

कधी बोलायचं ते नीट लक्षात ठेवा. समोरच्याचा सेट चालू असताना कधीच नाही, रॉड स्टँडवर परत ठेवला, त्याने एक-दोन श्वास घेतले, मग बोला. वजन उचलताना माणूस पोटात हवा भरून पोट-कंबर कडक करतो, त्या जोरावर पाठ सांभाळली जाते. अशा वेळी तुम्ही ‘काय म्हणता भाऊ, आज लवकर?’ असं म्हणालात आणि तो उत्तर द्यायला गेला की हवा सुटते, कंबर सैल पडते आणि रॉड अजून वरच असतो. डेडलिफ्ट करणाऱ्याच्या अगदी समोरून जाऊ नका, आणि आरशात बघून करणाऱ्याच्या आणि आरशाच्या मध्ये उभं राहू नका. तुम्हाला वाटेल एवढ्या बारीकसारीक गोष्टी कोण बघतं. सगळे बघतात.

बिनधास्त गप्पा मारता येतील अशी एक जागा आहे, ती म्हणजे वॉर्मअपचं चालणं. मध्यम वेगाचा कार्डिओ ओळखायची साधी खूण हीच आहे की वाक्यं बोलता आली पाहिजेत पण गाणं म्हणता येऊ नये. तेव्हा शेजारच्या ट्रेडमिलवर ओळखीचं कुणी असेल तर ती दहा मिनिटं खुशाल बोला, मुलांच्या शाळेपासून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकपर्यंत काय ते.

पायरी 6 : आलटून-पालटून मारणं आणि सपोर्ट

गर्दीच्या वेळेला एका बेंचवर दोघं-तिघं मारतात, हे अगदी नॉर्मल आहे आणि नवीन माणसाने याला घाबरू नये. विचारायचं एवढंच की दादा, आलटून-पालटून मारूया का. तो विश्रांती घेतो तेव्हा तुम्ही, तुम्ही घेता तेव्हा तो. दोघांच्या वजनात फार फरक असेल तर मात्र दर वेळी प्लेटा काढ-घाल करण्यात दोघांचा वेळ जातो, मग त्याचं होईपर्यंत दुसरं काहीतरी उरकून घ्या. कुणी तुम्हाला विचारलं तर नाही म्हणू नका, एकच सेट राहिला असेल तर तसं सांगा. बेंचवर टॉवेल टाकून पाणी प्यायला जाऊन तिकडेच दहा मिनिटं रमणं हे जिममध्ये सगळ्यात जास्त भांडणं लावणारं काम आहे.

प्लेटा काढताना गप्पा अजिबात नकोत, यावर मी अडून बसते कारण अपघात इथे होतो. स्क्वॅट रॅकवर रॉड आहे, दोन्ही बाजूला वीस-वीसच्या दोन-दोन प्लेटा. बोलता-बोलता माणूस एका बाजूच्या दोन्ही काढतो, ठेवायला जातो, तिथे कुणीतरी भेटतं. इकडे रॉडच्या एका टोकाला 40 किलो आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही. आता तो रॉड तोलावर आहे, कुणाचा धक्का लागला किंवा नुसता थोडा सरकला तरी जड बाजू खाली आपटते आणि रिकामं टोक तलवारीसारखं फिरत वर येतं. जवळ कुणाचा चेहरा असेल तर विचार करा. एक इकडची, एक तिकडची, असंच काढायचं. लावताना पण तसंच.

सपोर्ट, म्हणजे रॉड अडकला तर धरायला कुणीतरी मागे उभं राहणं, मागायला लाजू नका, विशेषतः बेंच प्रेसला. पण आधी बोलून घ्या, किती रेप मारणार, रॉड उचलून देणार का, हात कधी लावायचा. नुसतं भाऊ सपोर्ट दे म्हटलं की काही जण पहिल्या रेपपासूनच रॉड ओढायला लागतात आणि काही जण शेवटपर्यंत हात लावत नाहीत. उचलताना दोघांनी मिळून एक, दोन, तीन म्हणायचं. आणि तुम्ही सपोर्टला उभे असाल तर तेवढा वेळ डोळे रॉडवर. टीव्हीवर मॅच चालू आहे, शेजारी कुणी विनोद सांगतंय, मोबाईल थरथरतोय, काहीही असो. खाली झोपलेल्या माणसाच्या गळ्यावर रॉड आहे आणि त्याने तुमच्यावर विश्वास ठेवलाय. मी नाही बघू शकणार वाटलं तर तसं आधीच सांगा, त्यात कमीपणा नाही. कुणीच नसेल तर वजन कमी घ्या किंवा रॅकच्या आडव्या सेफ्टी दांड्या छातीच्या उंचीला लावून त्याच्या आत करा.

पायरी 7 : चिकटलेल्या माणसापासून सुटायचं कसं

प्रत्येक जिममध्ये एक तरी असा असतो ज्याचा स्वतःचा व्यायाम झालेला असतो किंवा करायचा नसतो, आणि तो एकेकाच्या मशीनपाशी जाऊन उभा राहतो. बहुतेक वेळा माणूस चांगला असतो, एकटा असतो, घरी जाऊन बोलायला कुणी नसतं. म्हणून तुटक वागू नका. पण स्वतःचा सेट पण घालवू नका.

टायमर वाजला की उठून म्हणा, काका एक मिनिट, सेट मारून घेतो. आणि खरंच मारा. सेट झाल्यावर पुढचं बोलणं स्वतःहून सुरू करू नका, घड्याळाकडे बघा, वहीत लिहा. तरी चालूच राहिलं तर हसून सांगा की आज सातला निघायचंय, आवरून घेते, बाहेर भेटू ना. बाहेर भेटू हे फार उपयोगी वाक्य आहे, माणूस दुखावत नाही आणि गप्पा आपोआप त्यांच्या जागी जातात. पण मग खरंच बाहेर पाच मिनिटं थांबा, नाहीतर पुढच्या वेळी त्या वाक्याला काही किंमत राहणार नाही. इतकं करूनही रोज तेच होत असेल तर जागा बदला, वेळ अर्ध्या तासाने पुढे-मागे करा. ट्रेनरला सांगितलं तरी चालतं, फ्लोअर सांभाळणं त्याचंच काम आहे. आणि ट्रेनरच गप्पिष्ट असेल, तुमची पीटी (पर्सनल ट्रेनिंग) चालू असताना दुसऱ्याशी बोलत असेल, तर स्पष्ट सांगा की सर, या तासाचे मी पैसे दिलेत.

न मागता सल्ला देणारे वेगळे. ऐकून घ्या, थँक्यू म्हणा, आणि करायच्या आधी तुमच्या ट्रेनरला विचारा. सुरुवातीला एकाच माणसाचं ऐकलेलं बरं, चार जणांचं ऐकून दर आठवड्याला पद्धत बदलली की काहीच बसत नाही. पण चेंजिंग रूममध्ये कुणी बाजूला घेऊन पावडर, गोळी, इंजेक्शन असं काही बोलायला लागलं तर तिथेच नाही म्हणा, ओळख कितीही चांगली असली तरी. स्टेरॉईड ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणारी औषधं आहेत आणि ती जिममधल्या दादाकडून घ्यायची गोष्ट नाही. नवीन पोरं इथेच फसतात कारण सल्ला देणाऱ्याचे दंड त्यांच्या दुप्पट असतात.

बायका-मुलींसाठी थोडं वेगळं

काही जिममध्ये लेडीज बॅच असते, सुरुवातीला तिथे जावंसं वाटलं तर जरूर जा, पण मोकळ्या वजनांचा भाग फक्त पुरुषांचा आहे असं समजून लांब राहू नका. ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की पोझिशन दुरुस्त करताना हात लावायच्या आधी विचारा. चांगला ट्रेनर तोंडी सांगूनच बरंचसं नीट करून घेतो. कुणी सारखं येऊन बोलतंय, नंबर मागतंय, तर गोड कारणं देत बसायची गरज नाही, मला बोलायचं नाही एवढं एकदा स्पष्ट सांगा, त्यानंतरही चालूच राहिलं तर मॅनेजरकडे लेखी द्या. स्पष्ट नकारानंतरही बाईचा पाठलाग करणं, पुन्हा-पुन्हा संपर्क करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तातडीची गरज असेल तर 112.

आणि शूटिंग. आपला फॉर्म बघायला स्वतःचा व्हिडिओ काढणं चांगलंच आहे, पण कॅमेरा भिंतीकडे तोंड करून ठेवा, मागे कुणी येत असेल तर विचारा, आणि टाकायच्या आधी दुसऱ्यांचे चेहरे काढून टाका. चेंजिंग रूममध्ये मोबाईल बाहेर काढूच नका, कुणीही. तिथे बाईचे फोटो काढणं कलम 77 खाली गुन्हा आहे. तुमच्या मागे कुणी शूटिंग करतंय असं दिसलं तर पुरुष असो बाई असो, जाऊन सांगा की मला त्यात घेऊ नका. सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मित्रासोबत जाताय तर

जोडी असली की यायचं टळत नाही, हा फार मोठा फायदा. पण जिम लावायच्या आधी दोघांनी ठरवून घ्या की आत एकच व्यायाम आलटून-पालटून करायचा, एकाचा सेट तेव्हा दुसऱ्याची विश्रांती, म्हणजे मोकळा वेळच उरत नाही. आपल्याकडच्या जुन्या व्यायामशाळांत हे फार छान जमवलेलं असायचं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ 1924 चं, अशा ठिकाणांनी मोजणीवर एकत्र व्यायाम करायची सवय पिढ्यान्‌पिढ्या लावली. सगळी रांग एका आकड्यावर सूर्यनमस्काराला खाली जाते आणि एका आकड्यावर वर येते. त्यात बोलायला फटच नसते आणि तरी एकटं वाटत नाही. तालमीत पण तसंच, मातीत उतरल्यावर वस्तादाचा आवाज, गप्पा आंघोळ झाल्यावर. दोघांपुरतं का होईना, ही पद्धत मशीनच्या जिममध्ये पण चालते. एकाने मारायचं, दुसऱ्याने मोठ्याने मोजायचं.

फक्त तो आला नाही म्हणून मी पण नाही असं होऊ देऊ नका. मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या सूचनांत म्हटलंय, ते 2 दिवस तरी तुमचे स्वतःचे ठेवा. आणि मित्राची पातळी तुमच्यापेक्षा खूप पुढची असेल तर त्याचं वजन उचलायच्या भानगडीत पडू नका, त्याला पण सांगून ठेवा की मला चढवू नकोस.

सगळं झाल्यावर

प्लेटा जागेवर, डंबेल नंबरप्रमाणे, बेंच पुसलेला, पाच मिनिटं स्ट्रेचिंग. आता बोला. रिसेप्शनच्या बाहेरच्या बाकड्यावर, पार्किंगमध्ये, चहाच्या टपरीवर, उकडलेल्या अंड्यांच्या गाडीपाशी. आमच्या बॅचच्या बहुतेक ओळखी अशाच झाल्यात, आत वर्षभर फक्त किती सेट राहिले एवढंच बोललेली माणसं बाहेर अर्धा-अर्धा तास थांबतात, कुणाच्या मुलीची दहावी, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं कळतं. इथेच उद्याचं पण ठरवून टाका, उद्या काय, लेग्स ना, साडेसहाला येतेस ना. येणं जमणार नसेल तर आदल्या रात्री मेसेज करा म्हणजे दुसरं माणूस रॅकपाशी वाट बघत बसणार नाही. आणि बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर त्यात जरूर या, पण जिमच्या वेळात तो म्यूट ठेवा, कारण त्याच वेळेला सगळ्यात जास्त मेसेज येतात.